फुकट राबू नका!
(वसतिगृहातील विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिक झालोय, पुढं न्हाई. पण गोदीत फुकट कुणी गोणी उचलत न्हाई, एवढं मला ठाऊक हाय. मग कॉलेजात शिकणारे तुम्ही दोन-दोन महिने फुकट का राबता? म्हणे 'इंटर्नशिप', म्हणे 'अनुभव मिळेल'! आपल्या आज्यांची वेठ ज्या वतनांत होती, ती १९५८ च्या कायद्यानं मोडली. ही नवी वेठ कोण मोडणार?

ज्याला बाप पोसतो, तो फुकट राबू शकतो. त्याच्या अर्जावर अनुभव चढतो. तुमचा रकाना कोरा. वर आडनाव आहेच! सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास पाहा. लायकी सारखी, फक्त नाव वेगळं. तरी दलित नावाच्या अर्जाला बोलावणं कमी.

म्हणून रडत बसायचं न्हाई. १९६१ चा अॅप्रेंटिस कायदा वाचा. त्यात विद्यावेतन हक्काचं आहे. १९७३ च्या दुरुस्तीनं नेमलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आल्या. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक केलं. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग काढले, ते नोकरी करून शिकणाऱ्या पोरांसाठीच.

एकेकट्यानं दारं ठोठावू नका. वसतिगृहाच्या भिंतीवर यादी लावा : कोण पैसे देतो, कोण फुकट राबवतो. मुलाखतीत विचारा, विद्यावेतन किती?

घामाचा हिशेब मागणं म्हणजे भीक न्हवं.

जय भीम.