गळकी तोटी आणि हौशी कारागीर

न्हाणीघरांतील तोटी गळूं लागली म्हणजे पांढरपेशा कुटुंबांत प्रथम चार दिवस तिच्याकडे दुर्लक्ष होतें, मग तिच्याखालीं बादली येते, आणि शेवटीं घरांतील सर्वांत सशक्त मनुष्य ती जोर लावून आवळूं लागतो. या तीन उपायांपैकीं तिसरा सर्वांत घातक होय. सेकंदास एक थेंब धरला तर अहोरात्रांत ८६,४०० थेंब होतात. औषधाच्या बारीक थेंबांप्रमाणें वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला तरी चार लिटरांहून अधिक पाणी वायां जातें. आणि तोटीचा थेंब औषधाच्या थेंबाहून चांगलाच टपोरा असतो. मुंबईस विहार तलावाचें पाणी नळानें येऊं लागलें तें १८६० सालीं. त्यापूर्वीं विहिरींतून पाणी शेंदणाऱ्यांना ही उधळपट्टी पाहवली नसती.

नेहमींची आट्यांची तोटी ही कांहीं गूढ वस्तु नव्हे. तिच्या पोटांत एक छिद्र असतें व त्याभोवतीं पितळेची कड असते. तिला बैठक म्हणूं. मूठ फिरवली कीं आट्यांचा दांडा खालीं उतरतो आणि त्याच्या टोकाची रबरी चकती त्या बैठकीवर दाबून बसते. कारागीर तिला वायसर म्हणतात. वर्षानुवर्षें दाबली गेल्यानें ही चकती कडक होते, तिला चरा पडतो आणि पाणी त्या चऱ्यांतून वाट काढतें. अशा वेळीं मूठ आवळीत राहिलें तर चकती अधिकच चिरते व पुढें बैठकच झिजते. क्षुल्लक चकतीचें काम सबंध तोटीवर जातें.

म्हणून पाणी नेमकें कोठून येतें हें आधीं डोळ्यांनीं पाहावें. तोटी बंद असतां तिच्या तोंडांतून ठिबकत असेल, तर दोष बहुधा चकतीचा. तोटी चालू असतां मुठीच्या बुडाशीं पाणी झरत असेल, तर चकती बदलून उपयोग नाहीं. तेथें दांड्याभोवतीं भरलेला दोरा किंवा रबरी कडी झिजलेली असते. आणि जेथें तोटी भिंतींतील नळांत बसवलेली असते तेथें ओल दिसली, तर दुखणें आट्यांचें, आणि तें सर्वांत नाजूक. हल्लीं पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या तोट्या पुष्कळ घरीं आहेत. त्यांत चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या बिघडल्या तर आंतला सबंध भागच बदलतात. तो नमुन्यादाखल खिशांत घालून दुकानीं जावें, नुसत्या वर्णनावर विसंबूं नये.

दादरच्या एका तिमजली इमारतींत कचेरींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वाचन दांडगें, पण पाना मात्र साठाव्या वर्षीं प्रथमच हातीं धरलेला. एका रविवारीं त्यांनीं मोरींतील तोटी दुरुस्त करण्याचें मनावर घेतलें. वरची टोपी तेवढी सोडवणें पुरेसें होतें. त्यांनीं सबंध तोटीलाच पाना लावून अंगांतील सारें बळ खर्चिलें. तोटी फिरली, परंतु आपल्या आट्यांतून नव्हे. नळ जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी होता. आटे पाडतांना तो मुलामा कातरला जातो, म्हणून गंज प्रथम आट्यांनाच धरतो. तोटीमागचा नळाचा गंजलेला तुकडा भिंतीच्या आंत कांडें मोडावें तसा मोडला, आणि धार समोरच्या भिंतीवर आदळली.

गृहस्थ गच्चीवर धांवले. टाकीची चावी कित्येक वर्षांत कोणी फिरवलेली नव्हती. ती जागची हलेना. कापड गुंडाळलेली लांकडी खुंटी त्या उघड्या तोंडांत ठोकली असती तर पाणी पुष्कळसें आवरलें असतें, पण तें त्या घटकेस कोणास सुचणार? टाकी रिकामी होईपर्यंत लोंढा मोरीचा उंबरा ओलांडून खोलींत वाहात राहिला, आणि जमिनींतून झिरपून खालच्या बिऱ्हाडांत उतरला. तेथें एक वृद्ध विधवा बाई एकट्या राहतात. त्यांच्या ट्रंकेंत यजमानांचीं जुनीं पत्रें होतीं. शाई फुटली, कागद एकमेकांस चिकटले. बाईंनीं तीं पत्रें पंख्याखालीं वर्तमानपत्रावर पसरून ठेवलीं. रागाचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं, आणि तेंच त्या गृहस्थांस फार लागलें.

तेव्हां पाना उचलण्यापूर्वीं पाणी कोठें बंद होतें तें शोधावें, ती चावी प्रत्यक्ष फिरवून पाहावी, आणि तोटी उघडून पाणी खरोखर थांबल्याची खात्री करावी. महिन्यांतून एकदां उघडझाप होत राहिली तर चावी सहसा जाम होत नाहीं. मोरीच्या भोंकावर फडकें टाकावें. तेथें गेलेला स्क्रू परत येत नसतो. मूठ अर्धी उघडून ठेवावी. मग एका पान्यानें तोटीचें अंग घट्ट धरावें व दुसऱ्यानें टोपी डावीकडे सोडवावी, म्हणजे जोर भिंतींतील नळावर पडत नाहीं. टोपी निघाल्यावर बैठकीवर बोट फिरवावें. ती खरखरीत लागली तर नवी चकतीही फार दिवस टिकणार नाहीं.

आट्यांवर पूर्वीं सणाचा धागा व सफेदा लावीत. खऱ्या सफेद्यांत शिसें असतें, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळास तो लावूं नये. आतां टेफलॉनची पट्टी मिळते. हें द्रव्य अमेरिकेंत १९३८ सालीं अकस्मात् हातीं लागलें. तोटी ज्या दिशेनें आवळावयाची त्याच दिशेनें पट्टी गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळतांना ती सुटून येते, आणि नवशिके नेमकी उलटच गुंडाळतात.

भिंतींत गाडलेले नळ आणि सर्व बिऱ्हाडांचा मैलापाण्याचा सामाईक नळ यांना हौशी माणसानें हात लावूं नये. ते जाणत्या कारागिराकडेच सोंपवावे. पाणी तापवण्याच्या गिझरविषयीं तर विशेष जपावें. पाणी तापतांना त्याच्या सुरक्षा-झडपेंतून थेंब येतात. ती गळती समजून झडपेंत बूच मारणारे महाभाग आढळतात. तापलेलें पाणी फुगतें, त्याला वाट हवी. ती बुजवली तर भांडें फुटून माणसें भाजण्याचें भय असतें.

दादरच्या त्या गृहस्थांनीं टाकीची चावी बदलून घेतली, आणि इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेस ती फिरवण्याचा नेम धरला. गेल्या दिवाळीच्या सुमारास खालच्या बाईंची तोटी गळूं लागली. त्यांनीं कारागिरास न बोलावतां त्या गृहस्थांनाच निरोप धाडला. ते चकती, दोन पाने व फडकें घेऊन निघाले. मात्र जिना उतरण्यापूर्वीं आधीं गच्चीवर जाऊन आले.