नात्यातला समारंभ, साता समुद्रांपलीकडे



आपल्याकडे नात्यात लग्न निघालं, मुंज निघाली, की माणूस हातचं काम टाकून निघतो. पेरणीचे दिवस असले तरी घरातला एकजण जातोच. 'त्यांच्याकडचं कोणी आलं नव्हतं' असा बोल लागू नये, ही आपली रीत. ही रीत पाळण्यासाठी १८८६ साली एक मराठी बाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. समारंभ लग्नाचा नव्हता, मुंजीचा नव्हता. नात्यातल्या एका मुलीला डॉक्टरची पदवी मिळणार होती. जाणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई, आणि पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी. त्या प्रवासाबद्दल आज चार शब्द सांगतो.

दोघींचं नातं तसं दूरचं. आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढ्या लांबच्या नात्यासाठी कोण समुद्र ओलांडतो? पण रमाबाईंची त्या वेळची स्थिती ध्यानात घ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघे दुष्काळाच्या व भ्रमंतीच्या दिवसांत गेली. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. बंगालमधले बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. ते १८८२ च्या फेब्रुवारीत वारले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली. ज्या बाईचं माहेर असं उठून गेलेलं, तिला दूरचं नातंही दूरचं वाटत नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाटखर्चासाठी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहून विकलं. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि इकडे पुण्यामुंबईत मोठा गहजब झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या.

आनंदीबाईही १८८३ सालीच निघाल्या. मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, त्याला नीट औषधपाणी मिळालं नाही, हे दुःख त्यांच्या मनात होतं. आपल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर पाहिजे, एवढी एक गोष्ट मनाशी धरून त्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तो शब्द त्यांनी पाळला.

आता पाहा. एकीने धर्म बदललेला, दुसरीने न बदलण्याचा शब्द सभेत दिलेला. गावात एवढ्या कारणावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जाणं सोडतात. पण फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांचं पदवीदानाचं आमंत्रण आलं, तेव्हा रमाबाईंनी जायचं ठरवलं. नातं आणि मत यांची त्यांनी गल्लत केली नाही.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या लिव्हरपूलहून आगबोटीने निघाल्या. बरोबर घरचं मोठं माणूस कोणी नाही. होती ती पाच वर्षेही पुरी न झालेली मनोरमा. आज लंडनहून फिलाडेल्फियाला विमान आठेक तासांत पोचतं. तेव्हा अटलांटिक ओलांडायला कित्येक दिवस लागत, आणि भर हिवाळ्यात तो समुद्र फार खवळलेला असतो. बोट हेलकावे खाते, पोटात अन्न ठरत नाही, आणि अशात लेकराला सांभाळायचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघी मायलेकी फिलाडेल्फियाला उतरल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. वय वर्षे वीस. त्यांचे यजमान गोपाळराव हेही लांबचा प्रवास करून अमेरिकेत पोचले होते. त्या परक्या मुलखातल्या सभेत मायबोलीतून 'शाबास' म्हणू शकणारी माणसं होती, ही गोष्ट लहान समजू नका. शिक्षकबंधूंना हे सांगायला नकोच. बक्षीस घेताना मूल आधी गर्दीत आपलं माणूस शोधतं.

समारंभ झाला की परत फिरायचं, असा रमाबाईंचा बेत होता. पण त्या राहिल्या. तिथल्या बालवाड्या त्यांनी पाहिल्या, शिकवण्याची पद्धत स्वतः शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. या मुक्कामाची किंमतही द्यावी लागली. मनोरमेला परत इंग्लंडला भगिनींकडे ठेवावं लागलं, आणि मायलेकींची भेट पत्रांतूनच होऊ लागली.

इकडे आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक ठरली होती, पण तिथे जाऊन त्यांना एकही रोगी तपासता आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेत रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. विषय होता उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती. प्रस्तावना बॉडलीबाईंची. समारंभाला बोलावणाऱ्या बाई, समारंभाला गेलेल्या बाई, आणि जिचा समारंभ तिची आठवण, तिन्ही त्या पुस्तकात एकत्र आल्या. ते वाचून आणि व्याख्यानं ऐकून लोक पुढे आले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि भारतातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचं तिने मान्य केलं.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई जपानमार्गे मुंबईला परतल्या, आणि महिनाभरात तिथे शारदासदन उघडलं. दिवस कोणता? ११ मार्च! आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली होती. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी मुलींच्या शिक्षणाचं केवढं काम उभारलं, ते आपण जाणताच.

म्हणजे एका आमंत्रणाला मान देऊन केलेला प्रवास कुठवर पोचला पाहा. एक स्त्री डॉक्टर झाली आणि अकाली गेली, एवढ्यावर ही कथा संपली असती. पण तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली एक नातलग मागे होती. आपल्या मुलींच्या अंगी काय आहे, याचा दाखला तिला कागदावर शोधावा लागला नाही.

त्याच १८८९ साली अमेरिकेचा सगळा वृत्तान्त रमाबाईंनी मराठीत छापला, घरच्या माणसांना कळावा म्हणून. शिक्षकांनी त्यातला बोटप्रवासाचा भाग वर्गात जरूर वाचून दाखवावा. भूगोल आणि भाषा दोन्ही साधतील.

आणि गावकरी मंडळींना एकच सांगणं. तुमच्या भावकीतली, सोयऱ्यांतली एखादी मुलगी शहरात शिकत असेल. तिच्या पदवीदानाची पत्रिका आली, तर ती लग्नपत्रिकेसारखी समजा. एस.टी.चं तिकीट काढा आणि जा. सभेत काय बोलतात ते कळलं नाही तरी चालेल. तिने मान वळवून पाहिलं, तर तुम्ही दिसायला हवेत.