साखळीतलं घर

इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्या कितीतरी जणींना ‘चेन’ हा शब्द ऑफर मान्य झाल्यावरच कळतो. आपण ज्यांचं घर घेतो, ते दुसऱ्यांचं घर घेत असतात, ते तिसऱ्यांचं. आपल्याकडे विकायला काही नाही, म्हणून आपण तळाशी. वर कुठेही अडलं तरी आपण भाड्याच्या घरातच!

आमच्या साखळीत चार घरं होती. सगळ्यात वरचं एका वारलेल्या आजींचं, त्याचं प्रोबेट यायचं होतं. इकडे आमची खोकी बांधून तयार. सॉलिसिटरबाईंचं उत्तर दर सोमवारी एकच: थांबा.

आपल्याकडे इसार दिला की व्यवहार पक्का वाटतो. इथे करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं आणि सर्व्हेचा, वकिलाचा खर्च आपल्या माथी. म्हणून एक्स्चेंजआधी घरमालकाला नोटीस देऊ नका.

उशिराची किंमत मोजायची तर हे बघा. १ एप्रिल २०२५ला पहिल्या घराची करमाफीची मर्यादा ४,२५,००० पौंडांवरून ३,००,००० झाली. सव्वाचार लाखांच्या घराचा ताबा ३१ मार्चला मिळाला तर कर शून्य, दुसऱ्या दिवशी ६,२५० पौंड! दोष वरच्या घराचा, भुर्दंड तळच्याला.

घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघराआधी एजंटला विचारा, वर किती घरं आहेत. आणि बँकेची कर्जमंजुरी कोणत्या तारखेपर्यंत चालते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.