कायम मास्तर आणि गावची शाळा
(सरकारी प्राथमिक शाळेच्या पालकसभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



“मास्तर एकदा कायम झाला की सुस्तावतो, मग त्याला कुणी हात लावू शकत नाही,” असे तुम्ही म्हणता. मी स्वतः कायम मास्तर. तरीही सांगतो, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण मास्तराला दरसाल कंत्राटावर ठेवा, हा तुमचा उपाय मला पटत नाही.

जुने दिवस आठवा. भाटकार आज उठवील की उद्या, या धास्तीत कूळ शेतात पैसा घालावयास कचरत असे. 1964 साली कूळकायदा आला, 1975 साली मुंडकार कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीने कुळाला मालक होण्याची वाट मोकळी झाली. पायाखालची जमीन पक्की झाली, तेव्हाच माणूस ताठ उभा राहिला. मास्तराचेही तसेच आहे. पुढच्या साली आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो पहिलीच्या पोराला चौथीपर्यंत नेण्याचा विचार कसा करणार? आणि पुढाऱ्याने भलते काम सांगितले, तर “नाही” कोणत्या बळावर म्हणणार?

मात्र कायम म्हणजे मोकाट नव्हे. संविधानाचे 311 वे कलम सांगते की, सरकारी नोकराला चौकशीवाचून काढू नये. चौकशी करून काढता येते! 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने तर मास्तराची कामेच लिहून दिली आहेत : वेळेवर यावे, अभ्यासक्रम पुरा करावा, मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवावे, पालकांना भेटावे. यात कसूर झाली तर त्याचे म्हणणे ऐकून शिस्तीची कारवाई करता येते.

मग करावे काय? तीन गोष्टी करा.

पहिली, उमेदवारीची वर्षे खऱ्या परीक्षेची असोत. अधिकाऱ्याने वर्गात बसावे, मुलांकडून वाचून घ्यावे, मगच कायमचा शिक्का मारावा. नुसती वर्षे मोजून नव्हे.

दुसरी, दुसरा शिक्षक मागा. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत, असे कायदाच म्हणतो. एकटा मास्तर आजारी पडला, निवडणुकीच्या कामावर गेला, की शाळेला कुलूप. हा दोष त्या मास्तराचा नव्हे.

तिसरी गोष्ट तुमच्या हातची. शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. पण पुष्कळदा वही घरी येते, सही होते, संपले. तसे करू नका. लावणीची घाई नसेल, होड्या किनाऱ्याला असतील असा दिवस नेमा. सभेत विचारा : मास्तर किती दिवस आले? तिसरीतली किती मुले धड वाचतात? आलेला पैसा कशावर खर्चला? उत्तर वहीत लिहून घ्या, मगच सही करा.

खाजनाच्या बांधाला भोक पडले तर सारा गाव धावतो, कारण खारे पाणी कुणा एकाचे शेत पाहून आत शिरत नाही. शाळाही तुमचा बांधच आहे. राखणदार पक्का नेमा, आणि त्याच्यावर नजरही ठेवा.