जामानाका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तुझ्या मूलपेशींच्या क्षेत्रातल्या एखाद्या मोठ्या माणसाबद्दल सांग, पण पाच मिनिटांत, नंतर जेवण आहे,' असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून शिन्या यामानाकांबद्दल बोलतो.

जन्म १९६२चा, ओसाकाचा. वडिलांचा शिलाई मशीनच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना. मुलगा डॉक्टर झाला, हाडांच्या शस्त्रक्रिया शिकू लागला, पण हात चालेना. दहा मिनिटांच्या कामाला तास लागायचा. वरिष्ठ त्यांना 'जामानाका' म्हणत. जपानीत 'जामा' म्हणजे अडथळा. नावांची अशी मोडतोड करणारे आपल्याही वर्गात होते, आज दुसऱ्या रांगेत बसलेत.

मग ते संशोधनाकडे वळले. अमेरिकेहून परतल्यावर बराच वेळ उंदीर सांभाळण्यातच जायचा, आणि हे सगळं सोडून द्यावं असंही त्यांच्या मनात आलं. १९९९मध्ये नारा इथल्या संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. प्रश्न धरला तो असा : त्वचेची पेशी एकदा त्वचा झाली की झाली, की तिला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखं कोरं करता येईल?

त्यांनी २४ जनुकं निवडली. काझुतोशी ताकाहाशी या त्यांच्या सहकाऱ्यानं ती एकदम पेशींत घातली आणि काही पेशी खरंच बदलल्या. मग एकेक जनुक वगळून पाहिलं. ज्यांच्यावाचून अडतं अशी चार उरली. आमटीतला एकेक मसाला कमी करून चव कशामुळे येते ते शोधावं, तसं. २००६मध्ये उंदराच्या पेशींवर जमलं, २००७मध्ये माणसाच्या.

२०१२चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. शाळेत जीवशास्त्रात गर्डन २५० मुलांत शेवटचे. याला शास्त्रज्ञ व्हायचंय हे हास्यास्पद आहे, असा शेरा शिक्षकांनी दिला होता. तो कागद त्यांनी फ्रेम करून ठेवला. (बाई, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

आता मुद्द्याचं. २०१४मध्ये जपानमध्ये कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या चमूनं एका वृद्धेच्या स्वतःच्या त्वचेपासून अशा पेशी बनवल्या, त्यांतून दृष्टिपटलामागचा थर वाढवला आणि तिच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार होत्या, पण तपासणीत जनुकीय बदल दिसले. शस्त्रक्रिया थांबवली. सारं जग बघत असताना थांबणं, हे मला नोबेलपेक्षा मोठं वाटतं.

कारण आपल्याकडे न थांबणारे पुष्कळ आहेत. आपल्यातल्या एकानं मुलाच्या स्वमग्नतेवर 'स्टेम सेल'चं इंजेक्शन द्यायचं म्हणून जमीन विकायला काढली होती. इसाराला सहीच बाकी होती, तेव्हा त्यानं मला फोन केला.

आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण ही मान्य उपचारपद्धती आहे. स्वमग्नता, गुडघे, मणका वगैरेंवर जे चालतं ते मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचं, आणि चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कुणी 'पॅकेज' सांगितलं, की उठायचं. नातवंडाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवायची शिफारसही आयसीएमआर करत नाही. याबद्दल आज सकाळपासून तिघांनी विचारलंय.

माझा नंबर ग्रुपवर आहे. सही करायच्या आधी फोन करा, रात्री अकरानंतरही चालेल.