भाषेची देवाणघेवाण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नातीच्या परदेशवारीविषयी चार शब्द सांग, असा मंडळाचा हुकूम झाला. वारी नातीने केली; मी घरीच होते. तरी या कामात माझा थोडा वाटा आहे आणि माझी एक चूकही आहे. तीच आज सांगते.

नात पुण्यास नववीत होती. शाळेत जर्मन शिकते. दोन शाळांचे असे ठरलेले, की आधी तिकडच्या मुलांनी येऊन आपल्या घरी राहायचे, मग आपल्या मुलांनी त्यांच्या घरी. भाषा वर्गात सुरू होते, पण अंगवळणी पडते ती स्वयंपाकघरात, हा त्यातला हेतू.

कार्तिकात ती पाहुणी मुलगी दोन दिवस अमरावतीस आली. अंबादेवीचे दर्शन झाले, घरी वांग्याचे भरीत आणि भाकर केली. पोर संकोचून अर्ध्या भाकरीवरच थांबली, तेव्हा माझ्या तोंडून सहज निघाले, "काऊन वं माय, पोटभर जेव ना!" नात लाजून म्हणाली, "आजी, नीट मराठीत बोल. ती शिकायला आली आहे."

भगिनींनो, मला राग आला नाही, शरम वाटली. कारण हे वाक्य माझेच होते. तीस वर्षे मी शिक्षिका होते. वऱ्हाडी बोलणाऱ्या किती मुलींना मी भर वर्गात "नीट बोल" म्हणाले असेन! त्यांतल्या काही पुढे वर्गात बोलल्याच नाहीत. पाहुणीने मात्र वही काढून "काऊन" लिहून घेतले आणि दोन दिवस त्याच शब्दाने घर दणाणून सोडले.

मे महिन्यात नात जर्मनीस, श्टुटगार्टजवळच्या गावी गेली. जर्मन भाषेतही आपल्यासारखीच तीन लिंगे. पण सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी! तू आणि तुम्ही हा भेदही तेथे आहे. एवढे पाठ करून गेलेली पोर पहिल्याच न्याहारीला अडली. घरच्या आजीबाई फळांच्या जॅमला "ग्झेल्त्स" म्हणत. हा शब्द शाळेच्या पुस्तकात नव्हता. ती त्या मुलखाची श्वाबिश बोली. घरात त्यांना कोणी थांबविले नाही. उलट तो शब्द नातीला शिकविला. रात्री फोन आला, "आजी, इकडची आजीबी वऱ्हाडीच बोलते वं!" खरे सांगते, माझे डोळे भरून आले.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठात त्या इंग्रजी शिकल्या आणि हिंदुस्थानात यावयास निघालेल्या जोगिणींना त्यांनी मराठी शिकविले. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात स्वतः शिकत असता संस्कृतही शिकविले. रिकाम्या हाताने त्या गेल्या नाहीत. देवाणघेवाण म्हणतात ती ही. नुसती घेवाण म्हणजे उसनवारी!

आपल्याजवळ देण्यासारखे काय, असे कोणी विचारील. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो तो लीळाचरित्र आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेला. २०२४ साली तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. ज्या मातीला एवढा मान, तिच्या बोलीची लाज आपण काऊन धरावी?

प्रमाण मराठी मुलांना यावीच. परीक्षेला, कचेरीला ती लागते. पण एक शिकविण्यासाठी दुसरी खुडून टाकू नये. माझी एवढीच विनंती, की मंडळाच्या प्रत्येक बैठकीत थोरल्या बायांनी आपल्या आईच्या तोंडचे दोन शब्द सांगावेत आणि धाकट्यांनी ते वहीत उतरावेत. आपली लेक किंवा नात परगावी, परदेशी निघेल तेव्हा खाऊच्या डब्याबरोबर ती वहीही द्यावी.

पहिला शब्द मीच देते: काऊन.

एवढे बोलून आपली रजा घेते.