इपॉक्सीचे काम : मापाची शिस्त



लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे झेपावण्याचा खेळ मूळचा हवाई बेटांचा. त्यासाठी पूर्वी लाकडाच्या जड फळ्या वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स यांच्यासारख्या कारागिरांनी हलका फोम आणि काचतंतूंचे कापड वापरून ही फळी, म्हणजे सर्फबोर्ड, हलकी केली. पुढे या धंद्याची भिस्त पॉलियुरेथेन फोमच्या तयार गाभ्यांवर राहिली. ते पुरविणारा क्लार्क फोम हा तेथील मोठा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद पडला, तेव्हा अनेक कारागीर आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो त्या पदार्थाकडे आणि त्याबरोबर इपॉक्सी रेझीनकडे वळले. घरी फळी बनविणारे हौशी लोकही हाच मार्ग धरतात. याचे कारण साधे आहे. पॉलिएस्टर रेझीनमधील स्टायरीनने थर्मोकोल विरघळतो, इपॉक्सीने विरघळत नाही.

आपल्या किनाऱ्यावरील फायबरच्या होड्यांना बहुधा पॉलिएस्टर रेझीनच वापरले जाते. त्या कामाची सवय इपॉक्सीच्या कामात नडते, म्हणून हा विषय आपल्यालाही दूरचा नाही.

पॉलिएस्टरमध्ये शेकडा एक-दोन भाग उत्प्रेरक घालतात आणि तो थोडा कमीअधिक करून रेझीन घट्ट होण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीचे तसे नाही. तेथे रेझीन आणि हार्डनर हे दोन्ही घटक परस्परांशी संयोग पावतात. हार्डनर अधिक घातल्याने काम लवकर आटोपत नाही. उलट जादा अंश तसाच उरून थर मऊ आणि चिकट राहतो. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ येथे चालत नाही. उत्पादकाने दिलेले प्रमाण आकारमानाचे की वजनाचे, हेही पाहावे. आकारमानाने दोनास एक असलेले प्रमाण वजनाने तेच राहत नाही, कारण दोहोंची घनता वेगळी असते. मिश्रण भांड्याच्या कडा व तळ खरवडून दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे.

या संयोगातून उष्णता निर्माण होते. खोल भांड्यात बरेच मिश्रण साठून राहिले तर ते तापते, धुरावते, प्रसंगी प्लॅस्टिकचे भांडेही वितळते. म्हणून एका वेळी थोडेच कालवावे आणि लगेच कापडावर ओतून पसरावे. वेळही विचारपूर्वक निवडावी. सकाळी ऊन चढू लागले की गाभ्यातील हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरात बुडबुडे उठतात. दुपार कलल्यावर, तापमान उतरत असताना सावलीत काम केल्यास हा दोष टळतो. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुऊन, पृष्ठभाग कोरडा करून मगच घासकाम करावे, नाहीतर पुढचा थर नीट धरत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरोग्याची. इपॉक्सीला पॉलिएस्टरसारखा उग्र दर्प नसतो, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. परंतु त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास काहींना त्याची ॲलर्जी जडते. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि मग अल्पशा स्पर्शानेही खाज, पुरळ व सूज येते. हौशी माणूस छंद सोडून देईल. पण ज्याचे पोट या कामावर आहे त्याने काय करावे? म्हणून नायट्राइल रबराचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांवर चष्मा आणि खेळती हवा या गोष्टी आवश्यकच समजाव्यात. हाताला लागलेले रेझीन ॲसिटोनने पुसू नये. त्वचेचे संरक्षक तेल त्याने निघून जाते. साबण-पाणी वापरावे. पूर्ण घट्ट न झालेला थर घासू नये आणि घासताना धुळीपासून रक्षण करणारा योग्य मुखवटा लावावा.

शाळेच्या कार्यशाळेत किंवा गावातील प्रशिक्षण वर्गात असे काम हाती घ्यावयाचे झाल्यास खर्चाच्या अंदाजपत्रकात वजनकाटा, हातमोजे आणि मुखवटे यांची तरतूद रेझीनच्या आधी करावी. प्रत्येक मिश्रणाचे माप, वेळ व तापमान वहीत नोंदविण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. थर मऊ राहिला तर चूक कोठे झाली हे त्या नोंदीवरून कळते आणि शिकाऊ कारागिराच्या हाताला मापाचे वळण लागते.